रविवारच्या पुरवणीत छापलेले आमचे शब्द

मी लिहिलेल्या एका लेखामुळे फुलवाल्या बायांच्या रांगेनं माझ्या आईशी बोलणं टाकलं. लेख वाईट नव्हता. त्यात एकही चूक नव्हती. एखादी चूक असती तर बरं झालं असतं, असं मला नंतर कितीदा तरी वाटलं.

आई अमरावतीत देवळाकडे जाणाऱ्या रस्त्यावर फुलं विकते. एक लाकडी फळी, वर छत्री, फळीवर ओलं गोणपाट आणि त्यावर झेंडू, शेवंती, गुलाब. रांगेत अकरा जणी आहेत. कोणी कुठे बसायचं हे कुठल्या कागदावर लिहिलेलं नाही. ते रांगेतल्या सगळ्यात जुन्या बाईच्या तोंडात आहे. तिला सगळे मोठी मावशी म्हणतात. दसऱ्याच्या दिवशी जी जिथे बसली, ती तिची वर्षभराची जागा, हा एकच नियम सगळ्यांना पाठ आहे. बाकी वर्षभर एकमेकींना धरून राहायचं. सकाळी शेतातून टेम्पो येतो तेव्हा अकरा जणी मिळून एकच भाव पाडतात आणि माल वाटून घेतात. एकीजवळ सुट्टे नसले की दुसरी देते. एखादी चहाला किंवा नळावर गेली की शेजारीण तिची फळी सांभाळते.

या सांभाळण्यासाठीच ते शब्द होते. समजा आई नळावर गेली आणि तिच्या फळीसमोर गिऱ्हाईक येऊन उभं राहिलं. शेजारीण त्या गिऱ्हाइकाच्या डोक्यावरून ओरडून विचारायची, "हाराचं काय करू वो?" आणि आई नळावरून ओरडायची, "मुळू!" मुळू म्हणजे पाच, आणि हाराच्या बाबतीत दहाच्या पटीत, म्हणजे पन्नास. ऐंशी सांग, घासाघीस होऊ दे, पण पन्नासाच्या खाली सोडू नको, एवढा सगळा निरोप त्या एका शब्दात जायचा. चार म्हणजे पोकू, सहा म्हणजे शेली, रुपयाला भुरका. गिऱ्हाइकाला वाटायचं, बाया आपसात काही घरचं बोलून राहिल्या. जुन्या व्यापाऱ्यांची अशी एक बोली होती आणि ती बाजाराबाजारातून फिरत आमच्या रांगेपर्यंत आली, हे मला एम.ए.ला असताना कळलं. आईला ते कळून घ्यायची कधी गरज पडली नाही.

हे शब्द मला बाराखडीच्या आधी आले. मी फळीखाली बसून वाढले. या शब्दांचा अर्थ बाहेर फोडायचा नाही, असं मला कुणी सांगितलं नव्हतं. रांगेत कुणालाच ते सांगावं लागत नाही. मलाच का सांगावं लागायला हवं होतं, याचं उत्तर मी आजपर्यंत शोधते आहे.

आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली. आता अकोल्याच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर मराठी शिकवते. बडनेऱ्याहून सकाळची गाडी धरायची आणि संध्याकाळी परत यायचं. इथवर मला एका सरांनी आणलं. त्यांचे उपकार मी नाकारत नाही. बी.ए.ला असताना त्यांनी स्वतःच्या कपाटातली पुस्तकं मला दिली, एकदा परीक्षेचा फॉर्म भरला, माझं लेखन लाल पेनानं तपासलं. त्यांचे आजोबा वकील, वडील शिक्षक. त्यांच्या दिवाणखान्यात मला घरच्या सगळ्यांच्या कपातच चहा मिळायचा. तेव्हा मला त्या कपाचं फार अप्रूप वाटायचं. एका कपासाठी मी इतकी वर्षं मनातल्या मनात हात जोडून राहिले, याचा आता राग येतो. सरांचाही येतो, आणि माझा जास्त येतो.

सर एका वर्तमानपत्राच्या रविवारच्या पुरवणीत भाषेवरचं एक पान बघायचे. पावसाळा संपता संपता त्यांनी मला बोलावलं.

"तुझ्या नावावर काहीतरी छापून आलेलं हवं," ते म्हणाले. "कायम जागेची मुलाखत येईल तेव्हा काय दाखवशील? देशोदेशी लोक रोजच्या बोलण्यात पैशाला काय काय म्हणतात, त्यावर लिही. हलकंफुलकं."

मी पंधरा दिवस त्यावर बसले. मला काही हलकंफुलकं येत नाही. मी वही केली आणि देशांप्रमाणे नोंदी घेतल्या. इंग्लंडमध्ये पौंडाला क्विड, पाचाच्या नोटेला फायव्हर, दहाच्या नोटेला टेनर. अमेरिकेत डॉलरला बक, हजाराला ग्रँड. कॅनडाच्या एक डॉलरच्या नाण्यावर लून नावाचा पाणपक्षी आहे म्हणून ते नाणं लूनी, आणि मग दोन डॉलरचं नाणं आलं तर ते टूनी. ऑस्ट्रेलियात पन्नासाची नोट पिवळी, म्हणून तिला अननस. फ्रान्समध्ये पैशाला गहू म्हणतात, जर्मनीत कोळसा, इंग्रजीत मळलेली कणीक. मला हे सगळं फार आवडलं. माणसं कुठलीही असली तरी पैशाला खरं नाव घेऊन हाक मारत नाहीत, असं एक वाक्य मी शेवटी लिहिलं होतं. त्यानंतर आपल्याकडचे चाराने, बाराने, जुन्या लोकांचं पैशाच्या नाण्याला डबल, नोटेला पत्ती, लाखाला पेटी, कोटीला खोका, हेही जोडलं.

सरांनी वाचलं आणि कागद टीपॉयवर ठेवला.

"ठीक आहे. पण हे कुणीही लिहील. इंटरनेटवर मिळतं. यात तुझं काय आहे?"

मी टीपॉयवरचे कागद उचलून नीट करायला लागले.

"तू बाजारात वाढलीस ना?"

तेव्हा मी त्यांना मुळू सांगितला.

त्यांनी चष्मा काढला आणि पुढे सरकून बसले. इतक्या वर्षांत मी काही सांगते आहे आणि सर पुढे सरकून ऐकत आहेत, असं कधी झालं नव्हतं. मी पोकू सांगितला, शेली सांगितली, नळावरून ओरडणं सांगितलं. मावशीचं, आईचं, शेजारणीचं बोलणं मी त्यांना नक्कल करून दाखवलं. ते हसले, मीही हसले. एक ते दहापर्यंतचा तक्ता मी त्यांच्याच कागदावर, त्यांच्याच पेनानं लिहून दिला. निघताना ते म्हणाले, "आता हा लेख झाला."

आईला विचारावं हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

रविवारी लेख आला. पानाच्या मध्यभागी चौकट होती आणि चौकटीवर सरांनी दिलेलं शीर्षक होतं, 'फुलबाजाराची गुप्त भाषा'. खाली तक्ता. वर माझं नाव आणि फोटो. आईला अक्षरं लावून लावून वाचता येतं. तिनं माझ्या नावावरून बोट फिरवलं, पेपर घडी करून पोलक्यात ठेवला आणि मला सोबत घेऊन फळीवर गेली.

"माह्या पोरीचं नाव आलं पेपरात," तिनं रांगेला सांगितलं. "फोटो बी हाये. वाच न वो, आयकू दे सगळ्यायले."

सकाळची गर्दी ओसरली होती. बाया हार ओवत बसल्या होत्या. मी फळीसमोरच्या उलट्या टोपल्यावर बसले आणि वर्गात वाचते तसं खणखणीत वाचायला लागले.

पैशाला कणीक म्हणतात हे ऐकून शेजारीण म्हणाली, "मंग मी तं करोडपती झाली. सकाळीच परातभर मळून आली."

"गहू काय, कनीक काय," पलीकडची म्हणाली, "तिकडं बी सारं पोटाचंच दिसते."

लूनी ऐकल्यावर एकीनं विचारलं, "पाखराचं नाव रुपयाले? मंग आपला तो दहाच्या नाण्याचा ठोकळा कोनी घेत नाई, त्याले काय नाव द्याचं?"

"जावई म्हना," मावशी सुई न थांबवता म्हणाली. "घरात ठेवून फायदा नाई अन् बाहेर कोनी घेत नाई."

सगळी रांग हसली. आई सगळ्यांत जास्त हसली. मी हसू आवरून पुढचं वाचलं, "आमच्या अमरावतीच्या फुलबाजारात तर..."

मी चौकट वाचली आणि मग तक्ताही वाचला. मला खरंच वाटत होतं की आता बाया टाळ्या वाजवतील, आपले शब्द इंग्लंड-अमेरिकेच्या शेजारी छापून आले म्हणतील. पोकूपर्यंत आले तेव्हा कुणी हसत नाही हे लक्षात आलं. मुळूपर्यंत आले तेव्हा सुया थांबल्या होत्या. मी थांबले.

"वाच," मावशी म्हणाली. "थांबली कायले? पुरं कर."

मी दहापर्यंत वाचलं.

"झालं?"

"हो."

"कोनकोनत्या गावाले जाते हा पेपर?"

त्या प्रश्नात काय आहे हे मला तेव्हाही कळलं नाही. मी सांगितलं, अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा. आणि मोबाईलवर तर कुठेही वाचता येतो.

"वा," मावशी म्हणाली. "पोट्टी शिकली."

आईनं माझ्या हातातून पेपर ओढून घेतला. पोलक्यात नाही ठेवला. गोणपाटातलं पाणी जिथे निथळत होतं, तिथेच खाली टाकला.

दुसऱ्याच दिवशी सकाळी एक निवृत्त गृहस्थ हार घ्यायला आले. आईनं ऐंशी सांगितले. ते हसून म्हणाले, "अहो बाई, आम्ही पेपर वाचतो. मुळू की पोकू, ते बोला." सोबतच्या बाईंनाही फार मजा वाटली. आईनं हार चाळीसला दिला. तिथून सुरू झालं. मास्तरीण बाई आल्या, बँकेतले साहेब आले, क्लासला जाणाऱ्या पोरी आल्या. कुणी वाईट नव्हतं. सगळे हसत यायचे, तक्त्यातला एक शब्द म्हणायचे आणि आपण काहीतरी जिंकलो अशा चेहऱ्यानं हार घेऊन जायचे. दुकानात त्यांनी कधी कुणाला माल केवढ्याला पडला हे विचारलं नसेल. आमच्या फळीवर मात्र त्यांना आतलं सगळं माहीत असण्याचा हक्क मिळाला होता. तो मी त्यांना दिला होता. रविवारच्या चहासोबत.

मग रांगेनं आईला सोडलं. भांडण झालं नाही. सकाळी टेम्पो आला तेव्हा दहा जणींनी झेंडू वाटून घेतला. आई पुढे झाली तर एक जण म्हणाली, "तुह्या पोरीले सांग न. पेपरात लिवन तं झेंडू घरपोच येईन." आईनं एकटीनं चढ्या भावानं दोन टोपल्या घेतल्या. पाचशेची नोट घेऊन शेजारणीकडे गेली तर "सुट्टे नाईत." शेजारणीच्या मांडीखाली नोटांची थप्पी दिसत होती. आई नळावर गेली की फळी उघडी. एक दिवस गुलाबांची अर्धी जुडी गेली आणि दहाही जणींना काही दिसलं नव्हतं. चौथ्या दिवशी आई पोहोचली तेव्हा तिची फळी नालीच्या पलीकडे, स्कूटरी लावतात तिथे नेऊन ठेवली होती.

दसऱ्याला नऊ दिवस होते. दसऱ्याला आई नालीच्या पलीकडे बसली की ती तिची जागा. तिथून देवळाकडे जाणारा एकही माणूस जात नाही.

आई घरी काही बोलत नव्हती. मीच एका संध्याकाळी म्हणाले, "आई, मी मुद्दाम नाही केलं."

ती भाकरी थापत होती. थापतच राहिली.

"तुले कोन इचारलं होतं?"

"सरांनी."

"सरायनं इचारलं. तुनं मले इचारलं का?" तिनं भाकरी तव्यावर टाकली. "ते तिकडच्या लोकायचे शब्द हायेत न, कनीक अन् गहू, ते त्यायच्या साऱ्या गावाले माईत हायेत. छापले तं काय गेलं त्यायचं? आपले कोनालेच माईत नव्हते. तेवढंच तं होतं त्याच्यात."

पंधरा दिवस वही घेऊन बसूनही मला जे दिसलं नव्हतं ते तिनं तव्यासमोर बसून सांगितलं. तिनं माझ्याकडे न बघता पुढे म्हटलं, "सरायले म्हन, तुमच्या घरातलं लिवा."

दुसऱ्या दिवशी अकोल्याहून परतताना मी सरळ सरांकडे गेले. लेख इंटरनेटवरून तरी काढा, एवढंच मागायचं होतं.

सर खुशीत होते. "अगं, किती फोन आले! भाग दोन कर. भाजीबाजार, गुरांचा बाजार. तुला तर सगळीकडे प्रवेश आहे."

मी रांगेत काय झालं ते सांगितलं. फळी हलवली, झेंडू दिला नाही, दसरा आला, सगळं.

त्यांनी शांतपणे ऐकलं. "वाईट वाटलं. पण त्यांना समजावून सांग. हे लोकांचं धन आहे, ते उजेडात यायला हवं. भाषा कुणाच्या मालकीची नसते."

"आमच्या रांगेची होती, सर."

"भावनेच्या भरात बोलू नकोस. गिऱ्हाइकाला फसवायचे शब्द ते. एका अर्थी तू चांगलंच काम केलंस."

मला आवाज चढवायची सवय नाही, सरांसमोर तर नाहीच. तरी मी म्हणाले, "तुमचे आजोबा वकील होते. पक्षकारानं बंद दाराआड सांगितलेलं त्यांनी कधी पेपरात दिलं का?"

"तुलना करतेस?" सर उभे राहिले. "कुठे ते आणि कुठे हे!"

"हेच म्हणते सर. कुठे ते आणि कुठे आम्ही."

आत कपांचा आवाज होत होता. चहा येत होता. सर म्हणाले, "मी तुझ्यासाठी काय काय केलं ते मला मोजून दाखवायला लावू नकोस." मी म्हणाले, "नका दाखवू. मला पाठ आहे." चहा यायच्या आत मी पायऱ्या उतरले. लेख काढला गेला नाही. आणि खरं सांगायचं तर ते कात्रण माझ्या अर्जाच्या फाइलमध्ये लावलेलं आहे. मी ते काढलेलं नाही. कायम जागा मलाही हवी आहे.

राहिली मावशी. दुपारी ती घरी असते, रांगेमागच्या गल्लीत. मी गेले तेव्हा ती ओसरीत बसून सडक्या पाकळ्या वेगळ्या करत होती. बस म्हणाली नाही. मी उभीच राहिले.

"मावशी, माझं चुकलं."

"हे बी पेपरात लिवशीन का?"

"नाही."

"काहून? लिव न. मोठी मावशी कशी बोलते, कशी थुकते, सारं लिव." तिनं पाकळ्यांची मूठ बादलीत टाकली. "तू पाचवीत गेली तवा तुह्या मायले ताप होता. वीस दिवस. फळी कोनी चालवली तिची?"

"तुम्ही सगळ्यांनी."

"कोनत्या शब्दावर चालवली?"

मी तिच्यासमोरच्या बादलीकडे पाहिलं.

"तुह्या मायनं खाटेवरून निरोप धाडाचा, आज मुळू, आज शेली. तिच्या गल्ल्यातला एक भुरका इकडचा तिकडं झाला नाई. त्याच पैशाचा तुहा तो शाळेचा निळा फिराक आला. मले याद हाये, कॉलर पांढरी होती." तिनं पाकळ्यांची पुढची मूठ उचलली. "तू चोरी केली असती तं म्या तुले मारलं असतं अन् इसरली असती. तुनं तं दाराची कडी काढून गावाले देऊन टाकली."

मी रडले नाही. रडले असते तर ती उठून आत गेली असती, हे मला माहीत होतं. मी एवढंच म्हणाले, "शिक्षा मला द्या. आईला कशाला?"

"तुले काय शिक्षा देऊ? तू कुठं रांगेत बसते?"

हे खरं होतं. मला देण्यासारखं त्यांच्याजवळ काही नव्हतं आणि माझ्याकडून काढून घेण्यासारखंही. शिकून मी इतकी दूर गेले होते.

मग पदराला हात पुसून मावशी म्हणाली, "शब्द आमी बदलवतो. दुसरे पाडू. तुह्या मायले येऊ दे आज संध्याकाळी, आमच्यासंगं बसन. पन ते शब्द तुह्या कानावर गेले नाई पाइजे. एक बी."

"मी आईला सांगते, मला सांगू नको म्हणून."

"तू नको सांगू. तिनं सांगावं मले. तुह्यासमोर."

त्याच संध्याकाळी आई आणि मी मावशीच्या ओसरीत उभ्या होतो. आणखी चार जणी होत्या. मावशीनं फुलांचं रिकामं टोपलं पुढे सरकवलं. आईनं त्यावर हात ठेवला.

"पोरीले सांगनार नाई," आई म्हणाली.

"अन् तिनं इचारलं तं?"

"तरी नाई."

"अन् मरताना?"

शेजारीण म्हणाली, "जाऊ द्या न मावशी, बस झालं." पण आईनं त्याचंही उत्तर दिलं. "तवा बी नाई." तिनं माझ्याकडे बघितलं नाही. तिचा आवाजही जड झाला नाही. बाजारात भाव सांगावा तसं ती बोलली, आणि तेव्हा मला कळलं की तिला हे कुणी जबरदस्तीनं बोलायला लावलेलं नाही.

मला बाहेर पाठवलं आणि ओसरीचं दार लावून घेतलं. आतून हसण्याचा आवाज आला. बऱ्याच दिवसांनी आई हसत होती. काय शब्द पाडले त्यांनी, कशावरून पाडले, कुणाला सुचले, काही कळलं नाही. एम.ए.च्या दोन वर्षांत मी वाचलं होतं की अशा बोलीतले शब्द कसे तयार होतात हे कुणी डोळ्यांनी पाहिलेलं नाही. ते माझ्यापासून एका दाराच्या अंतरावर तयार होत होते आणि मी गल्लीत चपला घालून उभी होते.

दसऱ्याला आई तिच्या जुन्या जागी बसली. टेम्पोतला झेंडू अकरा जणींत वाटला गेला. पेपर वाचून आलेले लोक अजून मुळू म्हणायचे. बाया त्यांच्याकडे बघून "काय म्हनता साहेब? समजलं नाई" असं म्हणायच्या आणि ऐंशीला ऐंशीच घ्यायच्या. दिवाळीपर्यंत लोकांनीही तो नाद सोडला. मी फळीवर जाणं बंद केलं. सुट्टीच्या दिवशी हार ओवायला हात लागायचे, तरी आईनं मला कधी ये म्हटलं नाही.

दिवाळीनंतरची गोष्ट. सकाळी आई डबा घरीच विसरली. मला त्या दिवशी अकोल्याला तास नव्हता, म्हणून दुपारी तो घेऊन गेले. मला पाहून ती फळीवरून उठली आणि जरा बाजूला, झाडाच्या पाराशी आली. तिला खरोखर भूक लागली होती. पोळीचा तुकडा मोडला, भाजीला लावला. मी तिला अकोल्याचं काहीतरी सांगत होते, कायम जागांची जाहिरात निघणार अशी बातमी आहे, असं.

तेवढ्यात तिच्या फळीसमोर एक माणूस येऊन उभा राहिला. मोठा हार बोटांनी चाचपून पाहायला लागला. शेजारणीनं मान वळवून ओरडून विचारलं, "मोठ्याचं काय करू वो?"

आईनं घास गिळला. माझ्याकडे पाहिलं. मी तिच्यापासून हातभर अंतरावर होते.

"वो, काय करू? सांग न!"

त्या माणसानं हार खाली ठेवला आणि पलीकडच्या फळीकडे पाहिलं.

"तू जाय," आई म्हणाली.

"अगं, डबा..."

"जाय म्हनलं न. गिऱ्हाईक उभं हाये."

मी रस्त्याकडे चालायला लागले. पाठीमागे आई तोंड उघडेल हे माहीत होतं, म्हणून मी पावलं भराभर उचलली, आणि स्कूटरींच्या गर्दीत शिरेपर्यंत दोन्ही कानांवरून हात काढले नाहीत.